भिंत किती उंच?

आमच्या जत भागात कारवानी कुत्र्याचं पिल्लू विकत घ्यायची रीत नव्हती. ते मागावं लागायचं. मागायला आलेल्या माणसाला आज्जा आधी चहा पाजायचा, आणि पिल्लाबद्दल अवाक्षर न काढता त्याच्या घरादाराची चौकशी करत बसायचा. कुंपण कशाचं? भिंत किती उंच? दिवसभर घरी कोण असतं? शेजाऱ्याच्या कोंबड्या मोकळ्या फिरतात काय? सोयरीक जुळवायला बसल्यागत सगळं चालायचं. निम्मी माणसं चहा पिऊन रिकाम्या हातानं परत जायची. आज्जी चिडायची, तर आज्जा म्हणायचा, "पोरगी नांदंना झाली तर माघारी येऊन सांगती. कुत्रं कुणाला सांगंल?"

कारवानी म्हणजे कारवाँबरोबर आलेलं. पश्चिम आणि मध्य आशियातले व्यापारी आणि फौजा दख्खनेत उतरल्या, त्यांच्याबरोबर सलुकीसारखी कुत्री आली, इथल्या कुत्र्यांत मिसळली आणि ही जात झाली, असं मानतात. कानाला-शेपटीला लांब केस असलेल्याला पश्मी म्हणायचं. फारसीत पश्म म्हणजे लोकर. तिकडं मुधोळच्या घोरपड्यांच्या संस्थानात या कुत्र्यांना राजाश्रय मिळाला. राजे मालोजीराव घोरपड्यांनी इंग्लंडच्या पाचव्या जॉर्जला यांची जोडी भेट दिली आणि तेव्हापासून 'मुधोळ हाउंड' हे नाव पडलं, असं सांगतात. २००५ साली टपाल खात्यानं मुधोळ हाउंडचं तिकीट काढलं. तेव्हा आज्जा असता तर म्हणाला असता, तिकिटावर बसवलं ते बरं केलं, तिथं तरी दावं लागत नाही.

राजवाड्याची गोष्ट ऐकायला बरी वाटते, पण जात टिकवली ती शेतकऱ्यानं आणि धनगरानं, भाकरी आणि ताकावर. आणि टिकवली ती एका कामासाठी. खोल छाती, आत ओढलेलं पोट, लांब पाय, खांद्याशी दोन-सव्वादोन फूट उंची आणि एवढ्या उंचीला वजन मात्र वीस-पंचवीस किलोच्या आसपास. अंगावर चरबी नाही, कातडी पातळ. बाभळीच्या काट्यानंसुद्धा फाटते, आणि थंडीत गोणपाट नसलं तर कुत्रं रात्रभर कुडकुडतं. हे कुत्रं नाकापेक्षा डोळ्यानं शिकार करतं. माळावर ससा उठला की याचे कान बंद. मालकानं शंभर हाका मारल्या तरी ऐकू येत नाहीत. त्याला अवज्ञा म्हणू नये, पिढ्यान्‌पिढ्या त्यासाठीच तर निवडून पैदास केलेली.

मग १९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा आला, आणि १९९१ च्या दुरुस्तीनंतर परवाने काढून शिकार करायची वाटही बंद झाली. काळवीट-ससे वाचायला हवेच होते, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण कुत्र्याचं काम गेलं आणि पाय तेवढेच लांब राहिले. राखणीला काही राहिली. बाकीची हळूहळू शहराकडं निघाली. त्यातलं एक मी नेलं.

१९९४ साली मी पुण्यात नोकरीला होतो. दोन खोल्या, तिसरा मजला. आज्ज्यानं मला चहा पाजला आणि प्रश्न सुरू केले. दिवसभर घरी कोण? मी म्हणालो, मालकीणबाई असतात खाली, त्यांना कुत्र्यांची आवड आहे. मालकीणबाईंना मी विचारलंसुद्धा नव्हतं. पळायला जागा? म्हणालो, मागं मोठं मैदान आहे. मैदान होतं, पण त्याच्या आधी रस्ता होता. नातू म्हणून आज्जा फसला. तीच एक वेळ असेल.

पिल्लू दोन महिन्यांचं, आईचं दूध सुटलेलं. नाव हरणी. मी तिला दूध, अंडी, मटण असं दिवसातून चार वेळा चारलं. वरून कॅल्शियमची पावडर, कारण कुणीतरी म्हणालं, मोठं कुत्रं, हाडं मजबूत पाहिजेत. लस टोचायला नेलं तेव्हा डॉक्टरांनी पावडर बंद करायला लावली. मोठ्या चणीच्या पिल्लाची हाडं वर्ष-सव्वा वर्ष कच्चीच असतात. त्यांच्यावर मांसाचं ओझं चढवलं किंवा कॅल्शियमचा मारा केला की ती वाकडी होतात. आज्ज्याची पिल्लं कायम हाडकुळी का दिसायची ते तेव्हा कळलं. मला वाटायचं, म्हातारा चिकट आहे.

दिवसा मी कामावर, हरणी साखळीला. तिनं दाराची चौकट कुरतडली, दोन गाद्या फाडल्या, रडून रडून इमारत डोक्यावर घेतली. संध्याकाळी मी तिला रस्त्यानं फिरवून आणायचो, वीस मिनिटं. पळायला निर्माण झालेल्या जनावराला वीस मिनिटं!

आठव्या महिन्यात एका संध्याकाळी पलीकडच्या फुटपाथवर मांजर दिसलं. साखळी हातातून सुटली. मी ओरडलो. तिला ऐकू येणारच नव्हतं, हे मला लहानपणापासून माहीत होतं. टेम्पोवाल्यानं करकचून ब्रेक दाबला म्हणून जीव वाचला. पुढचा उजवा पाय गेला. डॉक्टरांनी भूल देण्याआधी जात विचारली. अशा बिनचरबीच्या कुत्र्यांच्या अंगातून काही भुलीची औषधं लवकर उतरत नाहीत, म्हणाले. मी सहा महिने तिच्याबरोबर राहिलो होतो आणि हे मला ठाऊक नव्हतं.

पाय वाकडा जुळला. मी तिला गावी घेऊन गेलो. आज्जा तिच्याकडं बघत राहिला, पाय हातात घेऊन सांध्यावरनं अंगठा फिरवला. मला काही बोलला नाही. संध्याकाळी फक्त म्हणाला, "मैदान हाय म्हनला व्हतास." पुढं नऊ वर्षं हरणी गोठ्याच्या दारात बसून राहिली. दूर माळावर काही हललं की उठायची, चार पावलं लंगडत जायची आणि माघारी येऊन बसायची. आज्जा तिच्याआधी दोन वर्षं गेला.

गेल्या उन्हाळ्यात सोलापूरचा पुतण्या मोबाइलवर सेंट बर्नार्डच्या पिल्लाचा फोटो घेऊन आला. कापसाच्या गोळ्यासारखं पिल्लू, किंमत ऐकून मला घाम फुटला. आल्प्सच्या खिंडीतल्या मठात, बर्फातल्या वाटसरूंसाठी वाढवलेली ही जात, आणि बाहेर बेचाळीस डिग्री.

"दिवसभर घरी कोण असतं?" मी विचारलं.

"आम्ही दोघं कामावर. पण काका, एसी चालू ठेवणार आहे."

"आणि लाइट गेल्यावर?"

तो गप्प बसला. मी आत जाऊन चहा ठेवायला सांगितला.