प्रवाशाच्या हातातली दोन पुस्तके

परक्या गावी उतरलेल्या माणसाला पहिला प्रश्न पडतो तो जेवणाचा. प्रेक्षणीय स्थळे मागाहून. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांसारख्या अफाट देशात, जेथे एका शहराहून दुसऱ्या शहरी जाताना दिवसच्या दिवस वाटेत मोडतात, तेथे या साध्या प्रश्नाने एक लहानसा इतिहासच घडविला आहे. त्या इतिहासातले १९३६ हे साल विशेष ध्यानात ठेवण्यासारखे आहे. कारण त्या एकाच वर्षी वाटेवरच्या प्रवाशासाठी दोन पुस्तके निघाली. दोन्ही पुस्तकांत खाणावळींचेच पत्ते होते. मात्र ज्या प्रश्नाला ती उत्तर देत होती तो प्रश्न एक नव्हता.

त्याआधीची हकीकत थोडक्यात सांगावयास हवी. आगगाडीच्या आरंभीच्या काळात वाटेवरचे अन्न ही एक शिक्षाच होती. गाडी जेमतेम थांबे, आणि तेवढ्या वेळात फलाटावरच्या खाणावळीत शिरून शिळी बिस्किटे, खवट मांस आणि कडू कॉफी घशाखाली लोटावी लागे. फ्रेड हार्वे नावाच्या, पोरवयात इंग्लंडहून आलेल्या गृहस्थाने ही तऱ्हा पालटली. १८७६ साली कॅन्सस राज्यातील टोपेका स्थानकावर, सँटा फे रेल्वेच्या आश्रयाने, त्याने भोजनगृह उघडले. गाडी चालत असतानाच किती माणसे जेवणार हे विचारून घ्यावे, पुढच्या स्थानकाला तार करावी आणि गाडी थांबते तो टेबले मांडून तयार असावीत, असा त्याचा शिरस्ता. पांढरीशुभ्र चादर, ताजे मांस, चांगली कॉफी. अर्ध्या तासात प्रवासी जेवून तृप्त होऊन पुन्हा गाडीत बसे. १८८३ पासून वाढण्याच्या कामावर त्याने तरुण मुली नेमल्या. हार्वे १९०१ साली वारला, पण त्याची पेढी चालत राहिली. १९०५ मध्ये ग्रँड कॅन्यनच्या प्रचंड दरीच्या काठावर एल तोवार हे हॉटेल उभे राहिले आणि त्याच्या शेजारीच होपी आदिवासींच्या हस्तकलेचे घर. जेवण आणि देखावा एकाच तिकिटात विकण्याची युक्ती अमेरिकेला या पेढीने शिकविली, असे म्हणण्यास हरकत नाही.

मोटार आली आणि तिने वेळापत्रकच मोडून टाकले. १९०८ साली फोर्डची मॉडेल टी निघाली. १९२६ साली देशभरच्या हमरस्त्यांना क्रमांक मिळाले. शिकागोहून लॉस एंजेल्सला जाणारा सहासष्ट क्रमांकाचा रस्ता त्यांपैकीच. आता कोठे थांबावे हे गाडीवान ठरविणार नव्हता, ज्याचे त्याने ठरवायचे होते. रस्त्याच्या कडेला खाणावळींच्या पाट्यांचे रान माजले. पण पाटी मोठी म्हणून आतली भाजी चांगली असे थोडेच असते?

डंकन हाइन्स हा केंटकी राज्यातील बोलिंग ग्रीन गावचा, शिकागोच्या एका छपाईच्या पेढीचा फिरता विक्रेता. गावोगाव हिंडणे हा त्याचा धंदा, आणि चांगले जेवण कोठे मिळते ते वहीत टिपून ठेवणे हा छंद. स्वयंपाकघर स्वच्छ असल्याखेरीज तो खाणावळीची शिफारस करीत नसे. हळूहळू ओळखीचे लोक त्याला विचारू लागले. विचारणारे फार झाले तेव्हा १९३५ च्या नाताळात शुभेच्छापत्राबरोबर त्याने तीस राज्यांतील १६७ भोजनगृहांची यादीच सर्वांना धाडून दिली. त्याने पाठ सुटण्याऐवजी मागणी दुप्पट झाली. पुढच्याच वर्षी त्याने तिचे पुस्तक केले. त्याच्या नावाचा अर्थ ‘उत्तम भोजनाची साहसे’ असा होतो. भोजनगृहांकडून त्याने जाहिराती घेतल्या नाहीत, आणि त्याच्या शब्दाला वजन आले ते त्यामुळेच. खारवून, धुरी देऊन, महिनोन् महिने टांगून ठेवलेली केंटकीची डुकराची मांडी ही त्याची आवडती वस्तू. जेथे जे पिकते, जेथे जे रांधले जाते, ते तेथेच खावे, ही त्याची दृष्टी. हाइन्स १९५९ साली वारला. अमेरिकेतील आजच्या गृहिणीला त्याचे नाव ठाऊक आहे ते केकच्या तयार पिठाच्या खोक्यावरचे. असा हा कीर्तीचा व्यवहार आहे.

चांगले जेवण कोठे मिळेल, हा हाइन्सचा प्रश्न. दुसऱ्या पुस्तकाचा प्रश्न होता, जेवण मिळेल का?

व्हिक्टर ह्यूगो ग्रीन हा पोस्टमन होता. राहावयास न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात आणि टपाल वाटावयास शेजारच्या न्यूजर्सी राज्यातील हॅकेन्सॅक गावी. तो कृष्णवर्णीय होता. दक्षिणेकडील राज्यांत काळ्या-गोऱ्यांनी वेगळे बसावे, वेगळे खावे, असे कायदेच होते. उत्तरेत कायदा नसला तरी दार उघडेलच याचा भरवसा नव्हता. कित्येक गावांत सूर्य मावळल्यावर काळ्या माणसाने दिसताच कामा नये, असा दंडक होता. अशा देशात खिशात पैसे आणि दाराशी स्वतःची मोटार असूनही काळे कुटुंब लांबच्या प्रवासाला निघे ते बुटांच्या रिकाम्या खोक्यांत तळलेली कोंबडी आणि पाव भरून, पेट्रोलचा जादा डबा व अंथरूण-पांघरूण बरोबर घेऊन. दुरून पाहणाऱ्याला ती वनभोजनाची हौस वाटली असती.

हे दुःख मराठी वाचकाला परके नाही. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेले भीमराव आंबेडकर १९१७ साली बडोदे संस्थानच्या नोकरीवर रुजू होण्यास गेले, तेव्हा त्या शहरात त्यांना जागा मिळेना. पारशी नाव घेऊन ते पारश्यांच्या धर्मशाळेत राहिले, आणि काठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना तेथूनही बाहेर काढले. बडोद्याच्या त्या प्रवाशासाठी कोणी पुस्तक छापले नव्हते.

ग्रीनने ते छापले. पहिल्या वर्षी न्यूयॉर्क परिसरापुरतेच, पण लवकरच देशभराचे. ‘निग्रो मोटारप्रवाशांचे ग्रीन बुक’ असे त्याचे नाव. निग्रो हा शब्द तेव्हा रूढ होता, आज तो वापरीत नाहीत. शहरवार पत्ते: हॉटेले, खाणावळी, न्हावी, शिंपी, मोटार दुरुस्तीचे कारखाने. ज्या गावात हॉटेल नाही तेथे प्रवाशाला खोली देणारी घरे, आणि त्या यादीत विधवा व गृहिणींची नावे पुष्कळ. ग्रीनच्या व्यवसायबंधूंनी, म्हणजे ठिकठिकाणच्या पोस्टमननी, त्याला माहिती पुरविली. घरोघर फिरणाऱ्या माणसाला कोणते दार उघडते आणि कोणते मिटते हे जितके कळते, तितके सरकारी खात्यालाही कळत नाही. एस्सो कंपनीच्या पेट्रोल पंपांवर ते पुस्तक मिळे. असे पुस्तक अनावश्यक ठरेल तो दिवस आपल्याला पाहावयाचा आहे, असे प्रकाशकाने त्याच्या प्रस्तावनेतच नमूद करून ठेवले होते. आपला माल खपू नये अशी इच्छा छापणारा व्यापारी विरळाच!

मात्र या पुस्तकात केवळ नाइलाजाची ठिकाणे होती असे समजणे चूक होईल. न्यू ऑर्लिन्स शहरातले डूकी चेज हे त्यातले एक नाव. १९४१ साली पावाचे खाद्यपदार्थ आणि लॉटरीची तिकिटे विकणारे हे लहानसे दुकान. घरात सून होऊन आलेल्या लीआ चेज या बाईंनी त्याचे चादरी अंथरलेले भोजनगृह केले. तेथला गंबो प्रसिद्ध. पीठ तेला-तुपात तांबूस होईस्तोवर परतून केलेल्या दाट रश्शात खेकडे, कोळंबी आणि सॉसेज घालतात व भाताबरोबर वाढतात. ‘गंबो’ हे नाव भेंडीच्या आफ्रिकी नावावरून आलेले आहे, आणि त्यातल्या तिखट सॉसेजला तिकडे ‘शोरिस’ म्हणतात. गोव्याच्या वाचकाला ते नाव ऐकून हसू येईल. स्पेनचा पदार्थ लुइझियानात गेला, पोर्तुगालचा गोव्यात आला, आणि दोन्हीकडे तिखटाने त्याला आपलेसे केले. पवित्र गुरुवारी तेथे अनेक पालेभाज्यांचा हिरवा गंबो होतो. याच भोजनगृहाच्या माडीवर नागरी हक्कांच्या चळवळीतील काळे आणि गोरे एकत्र बसून जेवत व मसलती करीत. असे एकत्र जेवणे तेव्हा कायद्याने गुन्हा होता.

१९६० च्या फेब्रुवारीत ग्रीन्सबरो येथील चार विद्यार्थी एका दुकानातील गोऱ्यांसाठी राखलेल्या उपाहाराच्या टेबलाशी जाऊन बसले, आणि उठले नाहीत. १९६४ च्या मे महिन्यात डॉ. राममनोहर लोहिया, ज्यांनी १९४६ च्या जूनमध्ये मडगावात सत्याग्रहाची ठिणगी टाकली तेच लोहिया, मिसिसिपी राज्यातील जॅक्सन शहरी गोऱ्यांच्या एका उपाहारगृहाच्या दारात अटक पावले. अमेरिकन सरकारला दिलगिरी व्यक्त करावी लागली. पुढे २ जुलै १९६४ रोजी नागरी हक्कांचा कायदा झाला आणि खाणावळींची दारे कायद्याने उघडली.

तरीही बर्मिंगहॅमच्या ऑलीज बार्बेक्यू या भोजनगृहाने तंटा न्यायालयात नेला. २२० माणसे बसतील एवढी जागा, ३६ नोकर. त्यांतले दोनतृतीयांश काळे. काळ्या हातांनी रांधलेले आणि वाढलेले चाले. काळ्या गिऱ्हाइकाने मात्र पुडके बांधून घेऊन जावे. केंद्रसरकारला राज्याच्या आतल्या खाणावळीत हात घालता येतो का, हा मुद्दा होता. सर्वोच्च न्यायालयाने १४ डिसेंबरला निकाल दिला की येतो; कारण तेथे शिजणाऱ्या मांसातले जवळजवळ ७०,००० डॉलरचे मांस वर्षाकाठी परराज्यातून येत होते. माणसाच्या मानाचा प्रश्न असा मांसाच्या हिशेबाने सुटला.

ग्रीन १९६० सालीच वारला होता. त्याच्या पुस्तकाची अखेरची आवृत्ती १९६६-६७ ची. दारे उघडली तेव्हा काळे गिऱ्हाईकही मोठ्या हॉटेलांकडे वळले, आणि आडप्रसंगी आसरा देणारी कित्येक घरे व खाणावळी बंद पडल्या. १९५६ च्या कायद्याने आखलेले नवे महामार्ग अनेक शहरांत नेमके काळ्यांच्या वस्त्यांतूनच गेले. न्यू ऑर्लिन्सच्या क्लेबोर्न रस्त्यावरची ओक वृक्षांची रांग त्यासाठी तोडण्यात आली. पुस्तकातली कित्येक ठिकाणे आज नकाशावर नाहीत. जी उरली ती प्रेक्षणीय स्थळे झाली आहेत. मेम्फिसचे लोरेन मोटेल हे ग्रीनच्या यादीतले. त्याच्याच सज्जात ४ एप्रिल १९६८ रोजी डॉ. मार्टिन ल्यूथर किंग यांना गोळी लागली, आणि १९९१ पासून तेथे नागरी हक्कांचे राष्ट्रीय संग्रहालय आहे. डूकी चेज २००५ च्या कतरिना वादळात पाण्याखाली गेले, दोन वर्षांनी पुन्हा उघडले. लीआ चेज २०१९ मध्ये वारल्या, तरी पवित्र गुरुवारचा हिरवा गंबो चुकलेला नाही.

ग्रीन बुकच्या प्रती प्रवाशांनी जपून ठेवल्या नाहीत. नवी आवृत्ती आली की जुनी टाकून देत. ज्या थोड्या उरल्या त्या हार्लेममधील शोंबर्ग ग्रंथालयात सांभाळलेल्या आहेत. हे ग्रंथालय १३५ व्या रस्त्यावर आहे, आणि ग्रीनची कचेरीही त्याच रस्त्यावर होती.