पेट्रोलच्या गाडीत ट्रॅक्टरचं इंजिन

पेण-रोह्याकडे जुन्या गॅरेजच्या मागे, कधी खळ्याशेजारी, गंजलेली पिकअप जीप उभी दिसते. बॉनेट उघडलं की मूळ इंजिन क्वचितच सापडतं. या गाड्या आता भंगारात निघाल्यात, म्हणून त्यांचा इतिहास आज लिहून ठेवतो.

महिंद्राने 1947 पासून मुंबईत विलीज जीप जोडायला घेतल्या. पुढे आली उंच बॉनेटची सीजे-3बी. बॉनेट उंच झालं तेही इंजिन बदलल्यामुळेच. नव्या हरिकेन इंजिनात इनटेक व्हॉल्व्ह वर हेडमध्ये गेले, इंजिनची उंची वाढली, मग पत्राही वर घ्यावा लागला. 2199 सीसी, 75 हॉर्सपॉवर, पेट्रोल. हेच इंजिन एफसी-150 या नाक नसलेल्या पिकअपमध्ये ड्रायव्हर आणि शेजारच्याच्या मधोमध बसायचं.

1973 च्या अरब-इस्रायल युद्धानंतर कच्चं तेल काही महिन्यांत साधारण चौपट महागलं. पेट्रोलच्या जीपने भाताची पोती बाजारात न्यायची तर भाड्यातून काही उरेना. डिझेल स्वस्त होतं, आणि डिझेलचा मिस्त्री गावात होताच, कारण ट्रॅक्टर आले होते. इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनी 1963 ची, तिचा बी-275 म्हणजे 35 हॉर्सपॉवरचा. ही कंपनी 1977 ला महिंद्रात विलीन झाली. कंपनीने स्वतःही जीपमध्ये इंटरनॅशनलचं डिझेल इंजिन घातलं, आणि ऐंशीच्या दशकात प्युजोचं 2112 सीसी आणलं. म्हणजे गॅरेजवाला आणि कारखाना एकाच वाटेने चालले होते. जुगाड म्हणून हसणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं.

काम मात्र सोपं नव्हतं. इंजिन आणि गिअरबॉक्स जुळत नाहीत, तेव्हा मधे लेथवर जाड प्लेट कातून घ्यायची. शाफ्ट आणि क्लचची मध्यरेषा केसभर जरी हलली तरी बेअरिंग बसलंच. फाउंडेशन नव्याने वेल्ड करायचं, पुढचे पाटे वाढवायचे, कारण डिझेल इंजिन जड. सहा व्होल्टची जुनी वायरिंग असेल तर बारा व्होल्टची करायची, नाहीतर स्टार्टर डिझेल इंजिन फिरवत नाही. टाकीकडे डिझेल परत नेणारी दुसरी नळी टाकायची. आणि एक गंमत: व्हॅक्यूमवर चालणारा वायपर बंद पडतो, कारण डिझेलला पेट्रोलसारखं ओढ देणारं थ्रॉटल नसतं. कोकणातल्या पावसात ही गंमत कितपत वाटेल ते तुम्हीच ठरवा.

वेगाचा हिशोब बघा. सीजे-3बी च्या डिफरन्शिअलचं प्रमाण 5.38. ट्रॅक्टरचं इंजिन 2000 फेऱ्यांच्या आसपास बांधलेलं, टायरचा एक फेरा सुमारे सव्वादोन मीटर. टॉप गिअरमध्ये जेमतेम ताशी 50 किलोमीटर. गोवा हायवेला अपुरा, पण भरलेल्या हौद्यासकट सुकेळीची खिंड चढायला कमी फेऱ्यांवरची ती ओढच हवी. शेतकऱ्याने वेग सोडला आणि ओढ घेतली. माझ्या मते सौदा बरोबर होता.

आता कागदांचं. 2021 च्या केंद्रीय नियमांनुसार 50 वर्षांपेक्षा जुनी गाडी 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते, फी 20,000 रुपये. पण गाडी मूळ रूपात हवी. चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार नको. शिवाय रोजच्या किंवा धंद्याच्या वापराला परवानगी नाही. म्हणजे शहरातल्या गॅरेजमध्ये कापडाखाली झाकलेली जीप वारसा, आणि चाळीस वर्षं भात वाहिलेली आमची भंगार! नियमामागचा हेतू समजतो, नाहीतर कुणीही काहीही जोडून व्हिंटेज म्हणेल. तरी आपल्या भागाचा इतिहास नेमका त्या बदललेल्या इंजिनातच आहे.

दुसरी बाजू अशी की मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 प्रमाणे इंजिन बदलायला परवानगी लागते, आणि बदल 14 दिवसांत आरटीओला कळवायचा असतो. ज्यांच्या आजोबांनी तेव्हा पुस्तकात नोंद करून घेतली त्यांची गाडी विकताना अडत नाही. बाकीच्यांच्या गाडीवरचा नंबर आणि पुस्तकातला नंबर जुळत नाही.

तुमच्याकडे अशी गाडी असेल तर ब्लॉकवरचा नंबर तारेच्या ब्रशने घासून वाचा, आरसी पुस्तकाशी ताडून बघा आणि पेणच्या आरटीओत विचारून घ्या. भंगारवाल्याला बोलवायच्या आधी त्या मधल्या प्लेटचा आणि फाउंडेशनचा एक फोटो काढा. कुणी कातली, कोणत्या साली, किती पैसे घेतले, घरातली म्हातारी माणसं अजून सांगू शकतात.