पट्टा निवडण्याआधी : व्ही-बेल्टच्या अभ्यासाची प्रस्तावना

तुरीचा हंगाम ऐन भरात असताना लातूर-उदगीरकडच्या एखाद्या डाळमिलमध्ये रोलरचा पट्टा तुटतो. कुणीतरी मोटारसायकल काढतो आणि जुना पट्टा खांद्यावर टाकून दुकान गाठतो. दुकानदार पाठीवरचा नंबर वाचतो, 'बी-५२' म्हणतो, खुंटीवरचा नवा काढून देतो. तासाभरात मिल पुन्हा चालू. या व्यवहारात गैर काहीच नाही. फक्त एक प्रश्न कुणी विचारलेला नसतो : त्या जागी बी-५२ असायला हवा होता का? पुढची प्रकरणे या प्रश्नाभोवती फिरतात.

नंबर सांगतो ते मोजकेच. 'बी' म्हणजे माथ्यावर १७ मिलिमीटर रुंद आणि ११ मिलिमीटर जाड असा छेद. 'ए' असेल तर १३ बाय ८, 'सी' असेल तर २२ बाय १४. ५२ ही आतल्या घेराची लांबी, इंचांत. आयएस २४९४ या भारतीय मानकात ही मापे बांधून दिलेली आहेत. त्याच दुकानात 'एसपीबी' जातीचा पट्टाही टांगलेला असतो, त्याची लांबी मात्र मिलिमीटरमध्ये आणि आतून न मोजता पट्ट्याच्या पोटातल्या दोऱ्यांच्या रेषेवर धरलेली. दोन्ही आकडे एकाच मापाचे समजून जुळवू गेलात तर फसगत ठरलेली. आणि नंबर कितीही नीट वाचला, तरी किती अश्वशक्ती, किती फेरे, किती धक्के, हे त्यात कुठेच लिहिलेले नसते.

या विषयाची खरी सुरुवात पुलीच्या खाचेत होते. व्ही-पट्टा खाचेच्या तळावर बसत नाही, तो दोन्ही बाजूंच्या भिंतींत रुततो. भार जितका वाढेल तितका तो अधिक रुततो. पट्ट्याचा कोन ४० अंशांचा असल्यामुळे त्याच ताणात सपाट पट्ट्याच्या साधारण तिप्पट पकड मिळते. दोर गुंडाळल्यावर घर्षण कसे वाढत जाते याचे गणित ऑयलरने अठराव्या शतकातच मांडले होते; आपण त्यात फक्त खाचेचा कोन घालतो. गंमत पुढेच आहे. लहान पुलीवरून वळताना पट्टा वरून ताणला जातो आणि खालून दाबला जातो, म्हणून त्याचा कोन थोडा मिटतो. त्यामुळे लहान पुलीची खाच ३४ अंशांची, तर मोठीची ३८ अंशांची कापावी लागते. लेथवर एकाच हत्याराने दोन्ही पुल्या कापून देणारे कारागीर आपल्याकडे कमी नाहीत. मशीन बंद करून खाचेत बॅटरीचा उजेड टाका. तळ आरशासारखा चकाकत असेल तर पट्टा खाली टेकला आहे, म्हणजे एक तर तो झिजला किंवा खाच झिजली. अशा खाचेत कितीही महागडा पट्टा घाला, तो घसरणारच.

नांदेडची उस्मानशाही मिल निजामाच्या काळातली. त्या जमान्यातल्या कापडगिरण्यांत सामान्यतः छताखालून एक लांब शाफ्ट फिरे आणि त्यावरून चामड्याचे सपाट पट्टे एकेका यंत्रावर उतरत. पट्टा घसरला की त्यावर राळ टाकायची. व्ही-पट्टा अमेरिकेत डेन्व्हरच्या जॉन गेट्स यांनी १९१७ साली पुढे आणला. शेजारीशेजारी अनेक खाचा आणि तितकेच पट्टे ही रचना १९२०च्या दशकात ॲलिस-चाल्मर्स कंपनीच्या वॉल्टर गाइस्ट यांची. यंत्रामागे स्वतंत्र मोटर आली, मोटर यंत्राच्या जवळ सरकली आणि लांब पट्ट्यांचे दिवस सरले. आज हे पट्टे नागपूरला, हिंगण्याच्या एमआयडीसीत तयार होतात. राळेची सवय मात्र गेली नाही. व्ही-पट्ट्यावर राळ किंवा चिकट फवारा मारणे म्हणजे दुखणे झाकणे, असे माझे स्पष्ट मत आहे.

निवडीत सगळ्यात दुर्लक्षित राहते ती लहान पुली. १० अश्वशक्तीची, १४४० फेऱ्यांची मोटर घ्या. तिच्यावर १५० मिलिमीटरची पुली असेल तर पट्टा सेकंदाला सुमारे ११.३ मीटर धावतो आणि त्याला ओढावे लागते सुमारे ६७ किलोचे बल. जागा वाचवायला तिथे १०० मिलिमीटरची पुली बसवली की वेग साडेसात मीटरवर येतो आणि ओढ १०१ किलोवर जाते. मोटर तीच, काम तेच. शिवाय 'बी' छेदाला किमान १२५ मिलिमीटर व्यास हवा असतो. त्याहून लहान वळणावर पट्ट्याचे पोट आडवे तडकत जाते. मग दोष पट्ट्याच्या कंपनीला दिला जातो.

मराठवाड्याची परिस्थिती या गणितात आणखी काही भर घालते. मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये यंत्राजवळची हवा बाहेरच्यापेक्षा तापलेली असते. तापमान दहा अंशांनी वाढले की रबराचे आयुष्य निम्म्यावर येते, असा या धंद्यातला ठोकताळा आहे. सैल पट्टा घसरून स्वतःलाच तापवतो, ते वेगळेच. डाळीची चुनी, सरकीचा तंतू, धर्माबादकडच्या मिरचीची पूड खाचेत बसते. वीज गेली आणि भरल्या यंत्रानिशी मोटर पुन्हा चालू केली की पहिला धक्का पट्टाच खातो. म्हणून मोटरच्या अश्वशक्तीला कामाच्या जातीप्रमाणे वाढीव गुणक लावायचा असतो. पंख्याला लहान, रोलर आणि क्रशरला मोठा. चार पट्ट्यांपैकी एक तुटला तर चारही बदलावेत. जुने तीन पट्टे लांबलेले असतात, नवा एकटाच सगळा भार ओढतो आणि आधी मरतो. ताण अंगठ्याने दाबून ठरवू नये. दोन पुल्यांमधल्या मोकळ्या लांबीच्या दर मीटरला सुमारे १६ मिलिमीटर पट्टा दबण्यासाठी किती बल लागते ते स्प्रिंगच्या काट्याने पाहावे. पट्टा फारच आवळला तर बेअरिंग जाते, आणि ती पट्ट्याहून महाग पडते.

या अभ्यासाला रबराचे रसायन, घर्षणाचे शास्त्र आणि थोडी त्रिकोणमिती लागते. नांदेडच्या श्री गुरू गोविंदसिंहजी अभियांत्रिकी संस्थेतल्या किंवा लातूरच्या पुरणमल लाहोटी तंत्रनिकेतनातल्या विद्यार्थ्याला ते जड जाणार नाही. पण ज्यांची दहावीनंतर शाळा सुटली आणि हातात पान्हा आला, त्या फिटरना मी हा विषय आधी देऊ इच्छितो. तुटलेला पट्टा त्यांच्याइतका कुणी पाहिलेला नसतो. बाजू तुळतुळीत का झाल्या, दोरा एकाच कडेने का उसवला, हे वाचायला शिकले की अर्धे शास्त्र त्यांच्या पदरात पडलेच.

वाचकाला एकच विनंती. यातले काहीही करून पाहण्याआधी मेन स्विच पाडा, फ्यूज काढून खिशात ठेवा आणि काम झाल्यावर पट्ट्यावरची जाळी पुन्हा बसवा. मळणी यंत्रांसारख्या यंत्रांमुळे माणसे हात गमावत होती, म्हणून संसदेला १९८३ साली धोकादायक यंत्रांच्या नियमनाचा वेगळा कायदा करावा लागला.