राजकोटला गेलेलं पोर

मैत्रिणींनो, कागलच्या घाटगे घराण्यातले यशवंतराव १८८४ साली कोल्हापूरच्या गादीला दत्तक आले, शाहू महाराज झाले. वय नऊ. जन्मदात्री राधाबाई आधीच वारलेल्या. पुढच्याच वर्षी त्यांना राजकोटच्या राजकुमार कॉलेजात ठेवलं. घरी पंतोजी बोलावता आले नसते का?

आधीचे राजे, चौथे शिवाजी, १८८३ मध्ये नगरच्या किल्ल्यात इंग्रजांच्या कैदेत गेले होते. आनंदीबाई त्यांच्याच विधवा. आता दत्तक लेकही इंग्रजांनी चालवलेल्या शाळेत, तोही इतक्या लांब! त्या माऊलीला झोप लागली असेल? आम्हाला तर नाही वाटत.

१८८६ मध्ये वडीलही गेले. तरी शिक्षण थांबलं नाही. राजकोटनंतर धारवाडला फ्रेझर साहेबांकडे.

१९०१ मध्ये महाराजांनी कोल्हापुरात मराठा मुलांसाठी बोर्डिंग काढलं, मग इतर जातीधर्मांच्या मुलांसाठीही. खेड्यातल्या पोरांना शहरात राहायची सोय झाली.