दोन भोजनप्रसंग आणि कोरियाचें युद्ध

बखर, करीना, महजर, वकिलाचें पत्र यांची प्रतवारी कशी लावावी, हें आपल्या शोधकांस सरावानें ठाऊक झालें आहे. परंतु विसाव्या शतकानें एक निराळेंच साधन निर्माण केलें. राजकारणी पुरुषास अथवा सेनापतीस पाहुणा म्हणून दुपारच्या भोजनास बोलवावयाचें आणि पानें उठल्यावर त्याच्या तोंडून संरक्षणविषयक व्याख्यान ऐकावयाचें, ही चाल पाश्चात्य शहरांतून रूढ झाली. अशा भाषणांस पुरावा म्हणून किती वजन द्यावें, याचा विचार एका प्रसिद्ध उदाहरणावरून येथें करावयाचा आहे.

वॉशिंग्टन येथें नॅशनल प्रेस क्लब ही वृत्तपत्रकारांची संस्था १९०८ सालीं स्थापन झाली. ता. १२ जानेवारी १९५० रोजीं अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री डीन अॅचेसन यांचें तेथें व्याख्यान झालें. पॅसिफिक महासागरांतील अमेरिकेची संरक्षणरेषा अल्यूशियन बेटांपासून जपान व र्‍यूक्यू बेटांवरून फिलिपाइन्सपर्यंत जाते, असें त्यांनीं सांगितलें. त्या रेषेंत कोरिया नव्हता. रेषेबाहेरील मुलखावर हल्ला झाल्यास तेथील लोकांनीं प्रथम स्वतः प्रतिकार करावा व नंतर संयुक्त राष्ट्रांच्या सनदेचा आधार घ्यावा, असाही आशय पुढें होता. ता. २५ जून रोजीं उत्तर कोरियाच्या फौजा दक्षिणेंत घुसल्या. तेव्हांपासून, अॅचेसन यांनीं भोजनगृहांत उभें राहून शत्रूस वाट दाखविली, असा प्रवाद सुरू झाला. १९५२ च्या निवडणुकींत आयसेनहॉवर यांनीं त्याचा उपयोगही केला. लक्षावधि मनुष्यें ज्या युद्धांत पडलीं, त्याचा दोष एका भाषणाच्या माथीं मारणें ही लहान गोष्ट नव्हे. तेव्हां कागद काय म्हणतात तें पाहूं.

प्रथम भाषणाचाच कागद. खात्यानें करून दिलेले मसुदे बाजूस सारून अॅचेसन हे बहुतांशीं टिपणांवरूनच बोलले. जो पाठ आज सर्वत्र उद्धृत होतो, तो सरकारी पत्रिकेंत मागाहून छापलेला आहे. म्हणजे आपल्या हातीं आहे ती मूळ प्रत नसून नक्कल आहे, एवढें ध्यानांत ठेवलें पाहिजे. शिवाय मजकूरही नवा नव्हता. जनरल मॅकार्थर यांनीं मार्च १९४९ मध्यें एका मुलाखतींत जवळजवळ हीच रेषा सांगितली होती आणि त्याच वर्षाच्या जूनअखेर अमेरिकेची लढाऊ फौज कोरियांतून निघून गेली होती. ज्यास रेषा पाहावयाची होती, त्यास ती भाषणावांचूनही दिसत होती.

आतां दुसरा भोजनप्रसंग. ता. १७ जानेवारी १९५० रोजीं, म्हणजे पांचच दिवसांनीं, प्याँगयांग येथें उत्तर कोरियाचे परराष्ट्रमंत्री पाक हॉन-याँग यांनीं, चीनला निघालेल्या आपल्या वकिलाच्या निरोपादाखल मोजक्या मंडळींस भोजन दिलें. त्याचा वृत्तांत सोव्हिएट वकील श्टिकॉव्ह यांनीं ता. १९ रोजीं तारेनें मॉस्कोस कळविला. भोजनानंतर किम इल-सुंग किंचित् मद्याच्या अमलांत होते; चीन मुक्त झाला, आतां आमच्या दक्षिणेची पाळी, या विचारानें आपणांस रात्रीं झोंप येत नाहीं, असें ते म्हणाले, आणि स्टालिन यांची भेट मागूं लागले. हें बोलणें सहज निघालेलें नसून आधीं योजून ठेवलेलें होतें, हा शेरा वकिलानें जोडला आहे. हिंगण्यांचीं दिल्लीहून आलेलीं पत्रें ज्यांनीं चाळलीं आहेत, त्यांस या तारेंतील नजर ओळखीची वाटेल. या तारेंत चीनचा उल्लेख आहे; अॅचेसन यांचा नाहीं. ता. ३० रोजीं स्टालिन यांनीं उत्तर पाठविलें: काम मोठें आहे, तयारी पाहिजे, परंतु साह्यास आपण तयार आहों, आणि वर्षास निदान २५,००० टन शिसें पाठवावें. त्यांतही त्या भाषणाचें नांव नाहीं.

मग मॉस्कोनें तें भाषण वाचलेंच नव्हतें काय? अवश्य वाचलें होतें. त्याच ता. १७ रोजीं मोलोटॉव्ह व विशिन्स्की यांनीं मॉस्कोंत माओ यांची गांठ घेतली, ती त्या भाषणाविषयींच. परंतु त्यांस झोंबलें होतें तें निराळेंच वाक्य. रशिया चीनचे उत्तरेकडील प्रांत गिळीत आहे, असा आरोप अॅचेसन यांनीं केला होता. त्याचें खंडन चीननें करावें, असा आग्रह त्यांनीं धरला. वक्त्याच्या मनांतील मुद्दा एक, श्रोत्याच्या कानीं पडलेला दुसरा, आणि पुढें इतिहासानें उचललेला तिसराच!

मात्र अनुल्लेख म्हणजे अभाव नव्हे. ता. १४ मे रोजीं स्टालिन यांनीं माओ यांस पाठविलेल्या तारेंत आंतरराष्ट्रीय परिस्थिति बदलल्याचा मोघम उल्लेख आहे. त्या बदलांत अॅचेसन यांची रेषा मोजली गेली असणें शक्य आहे. म्हणून आमचा निर्णय एवढाच कीं, भाषण हें युद्धाचें कारण ठरत नाहीं. फार तर तें अनेक निमित्तांपैकीं एक. चीनमधील विजय आणि किम यांची अधीरता यांस कागदांचा आधार आहे. भाषणास तो नाहीं.

या वादाशीं आपलाही थोडा संबंध आहे. १९५३ सालीं युद्धकैद्यांच्या रक्षणासाठीं कोरियांत गेलेल्या भारतीय दलाचें आधिपत्य शंकरराव थोरात यांच्याकडे होतें. ज्या युद्धाचें ओझें आपल्या माणसांनींही उचललें, त्याच्या उगमाविषयीं ऐकीव मतावर विसंबणें आपणांस शोभत नाहीं.

रशियन दप्तरांतील या प्रकरणाच्या कित्येक नकला १९९४ सालीं दक्षिण कोरियाच्या हवालीं झाल्या, तेव्हां कोठें हा निवाडा शक्य झाला. तोंवर चार दशकें छापील भाषणच एकटें साक्षीदार होतें. संग्राहकांस आमची विनंति आहे कीं, अशा भोजनसभांचें छापील पुस्तक मिळालें म्हणून समाधान मानूं नये. वक्त्याचें टिपण, टाकून दिलेला मसुदा, निमंत्रितांची यादी आणि शेजारीं बसलेल्याचें पत्र, हे कागद जतन करावे. छापील भाषणावरून वक्ता काय म्हणाला एवढेंच कळतें. ऐकणारानें काय ऐकलें, हें या कागदांवांचून कळत नाहीं.