बांधलेले घर आणि रचलेले घर

वादळाला टिकेल असे घर कसे बांधावे, हा प्रश्न आपल्याकडे बहुधा किनाऱ्यापुरताच विचारला जातो. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले, तेव्हा श्रीवर्धन-मुरुडची उडालेली कौले आणि आडव्या झालेल्या नारळी-पोफळी साऱ्यांनी पाहिल्या. तलासरी तालुक्यातले उधवा मात्र समुद्रापासून बरेच आत, दादरा नगर हवेलीच्या सीमेलगत, वारली वस्तीच्या मुलखात आहे. अशा ठिकाणची घरे वादळांच्या इतिहासात सहसा येत नाहीत.

त्या इतिहासाचीही एक गंमत आहे. मे १६१८ मध्ये वसईला झोडपणारे वादळ आपल्याला ठाऊक आहे, कारण तेथे पोर्तुगीजांची चर्चे होती आणि त्यांची छपरे उडाल्याचे लिहून ठेवणारेही होते. याउलट १८८२ साली मुंबईत लाखभर माणसे मारणारे एक चक्रीवादळ कित्येक याद्यांमध्ये वर्षानुवर्षे नोंदलेले होते. हवामानशास्त्रज्ञांनी अलीकडे जुनी कागदपत्रे तपासली, तेव्हा असे वादळ झाल्याचा पुरावाच आढळला नाही. न झालेल्या वादळाला इतिहासात जागा मिळाली आणि वैशाखातल्या वळवाने उडणाऱ्या पेंढ्याला मिळाली नाही.

त्या पेंढ्याखालचे घर नीट पाहण्यासारखे आहे. जमिनीत पुरलेल्या, वर बेचके असलेल्या लाकडी मेढी, त्यांवर आढे, आढ्यावरून उतरणारे वासे आणि वर गवताचे किंवा भाताच्या पेंढ्याचे जाड छप्पर. भिंत म्हणजे कारवीचा कूड, त्याला शेणामातीचा लेप. सांधे खिळ्यांनी ठोकलेले नसतात, वेलीने वा झाडाच्या सालीने आवळलेले असतात. मराठीत आपण घर ‘बांधतो’ असे म्हणतो. या घराच्या बाबतीत ते क्रियापद अक्षरशः खरे आहे. दगड-विटांचे घर खरे तर रचलेले असते.

हा भेद केवळ शब्दांचा नाही. जोराचा वारा छपराला खाली दाबतो अशी सामान्य समजूत असते. प्रत्यक्षात तो छपरावरून वाहताना त्याला वर ओढतो, पावळीखाली शिरून उचलतो. वाऱ्यापुढे घर टिकवायचे तर छप्पर वाशांना, वासे मेढींना आणि मेढी जमिनीला धरून राहिल्या पाहिजेत. बांधलेल्या घरात ही साखळी असते. शिवाय कुडातून आणि पेंढ्यातून हवा झिरपते, त्यामुळे आतला दाब कोंडून छप्पर फेकले जाण्याचा धोका काहीसा कमी होतो. म्हणून हे घर वादळात अभंग राहते, असे कोणी समजू नये. पेंढा उडतो, कूड कलतो, कधी सारेच झोपते. पण पडते ते हलके, आणि दर वर्षी पावसाआधी शाकारणी असतेच. हे घर एकदा बांधून संपत नाही, ही त्याची उणीव आणि हेच त्याचे शहाणपण.

हे शहाणपण जंगलावर उभे होते. १८७८ च्या वनकायद्यानंतर ठाणे जिल्ह्यात लाकूड आणि कारवी आणायला जाणे हा हळूहळू हक्काऐवजी परवानगीचा विषय झाला. तक्रारी एवढ्या वाढल्या की १८८५ मध्ये मुंबई सरकारला ठाणे-कुलाब्याच्या जंगलांविषयी चौकशी आयोग नेमावा लागला. गोदावरी परुळेकरांचे ‘जेव्हा माणूस जागा होतो’ आपण वेठबिगारीविरुद्धच्या लढ्याचे पुस्तक म्हणून शिकवतो, आणि ते योग्यच आहे. पण दर वर्षी नव्याने बांधावे लागणारे घर ज्याच्या नशिबी आहे, त्याला रानाची वाट बंद होणे म्हणजे काय, हा प्रश्नही ते शिकवताना वर्गात यायला हरकत नसावी.

पुढे कौले आली, मग पत्रा. पत्र्याला शाकारणी लागत नाही, हा त्याचा मोठा गुण. पण तो हवा झिरपू देत नाही आणि नुसत्या खिळ्यावर वा वर ठेवलेल्या धोंड्यांवर विसंबला, तर वाऱ्यात पात्यासारखा सुटतो. मे २०२१ मध्ये ‘तौक्ते’ किनाऱ्याला समांतर गुजरातकडे सरकले, तेव्हा पालघर जिल्ह्यातही घरांची छपरे गेली. यावर सरळ वाटणारा उपाय म्हणजे जड घर: विटांच्या भिंती, वर स्लॅब. घरकुल योजनांनी हीच वाट दाखवली. वाऱ्यापुरते पाहिले तर ती चूक म्हणता येत नाही.

पण नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू-तलासरीची जमीनच हलू लागली. धुंदलवाडीच्या आसपास धक्क्यांमागून धक्के बसत राहिले. १ फेब्रुवारी २०१९ रोजीचा धक्का ४.१ तीव्रतेचा होता. भर थंडीत माणसे घरे सोडून तंबूंत झोपली. त्याच वर्षीच्या जुलैत घर कोसळून एक माणूस दगावला. भूकंपाचा हिशोब वाऱ्याच्या उलट असतो: वारा हलक्याला उचलतो, भूकंप जडाला पाडतो. ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीत माणसे मेली ती मुख्यतः मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि माळवदांच्या ओझ्याखाली.

तर मग उधव्यातल्या माणसाने कोणते घर बांधावे? कारवीच्या झोपडीकडे परत जा, असे सांगण्याचा अधिकार स्लॅबखाली राहणाऱ्या आपल्यासारख्यांना नाही. ज्या भिंतीवर गेरू आणि तांदळाच्या पिठाने लग्नाचा चौक लिहिला जातो तिचे कौतुक करणे सोपे आहे. दर पावसाळ्यात ती भिजलेली पाहणे सोपे नाही. स्थापत्यशास्त्राचे उत्तर मात्र मजेशीर रीतीने जुन्या क्रियापदापाशी येते. विटांच्या घरालाही बांधा, असेच ते सांगते: जोत्यावर, दारे-खिडक्यांच्या माथ्याशी आणि छपराखाली चारी भिंतींना कवेत घेणारी सळईयुक्त काँक्रीटची सलग पट्टी, कोपऱ्यांत उभ्या सळया, आणि पत्रा असेल तर वाशाला वळसा घालून पकडणारे आकडे. या पट्ट्या वाऱ्यालाही चालतात आणि भूकंपालाही. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण घराला २०१६ मध्ये किमान क्षेत्रफळ २५ चौरस मीटर आणि सपाट प्रदेशासाठी मदत १ लाख २० हजार रुपये ठरली. सळई आणि सिमेंटची ही पट्टी त्याच रकमेतून निघायची असते, आणि पैसे कमी पडू लागले की पहिली कात्री नेमकी तिलाच लागते, कारण गिलावा झाल्यावर ती कोणाला दिसत नाही.