डेबियन प्रकल्प

डेबियन प्रकल्प ही 'डेबियन' नावाची संगणकीय संचालन प्रणाली तयार करणारी आणि तिची निगा राखणारी स्वयंसेवकांची आंतरराष्ट्रीय संघटना आहे. १६ ऑगस्ट १९९३ रोजी इयान मर्डॉक या अमेरिकी विद्यार्थ्याने या प्रकल्पाची घोषणा केली. 'डेब्रा' हे त्याच्या तत्कालीन मैत्रिणीचे (पुढे पत्नीचे) नाव आणि स्वतःचे 'इयान' हे नाव यांच्या संयोगातून 'डेबियन' हा शब्द बनला आहे. लिनक्स या गाभ्यावर उभी असलेली ही प्रणाली विनामूल्य मिळते. कोणालाही ती वापरता येते, तपासता येते, बदलता येते आणि इतरांना देता येते. उबुंटूसह अनेक लोकप्रिय प्रणाली डेबियनवर आधारलेल्या आहेत. लिखित घटना, नियमित मतदान आणि मतभेद हाताळण्याची पद्धत यांमुळे ऑनलाइन समूहांच्या स्वशासनाचे उदाहरण म्हणूनही हा प्रकल्प अभ्यासिला जातो.

इतिहास

मर्डॉक त्या वेळी पर्ड्यू विद्यापीठात शिकत होता. लिनक्सची तत्कालीन वितरणे सदोष व दुर्लक्षित आहेत, असे त्याचे मत होते. एखाद्या कंपनीवर विसंबण्याऐवजी अनेकांच्या सहकार्यातून आणि उघडपणे वितरण तयार व्हावे, अशी भूमिका त्याने प्रकल्पाच्या जाहीरनाम्यात मांडली. १९९४-९५ या काळात फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनने प्रकल्पास आर्थिक साहाय्य दिले. १९९६ मध्ये ब्रूस पेरेन्स हे प्रकल्पाचे नेते झाले. ते पिक्सार या चित्रपटसंस्थेत काम करीत असत. डेबियनच्या आवृत्त्यांना 'टॉय स्टोरी' या चित्रपटातील पात्रांची नावे देण्याची प्रथा तेव्हापासून चालत आली आहे. सतत बदलत्या, अस्थिर शाखेला खेळणी मोडणाऱ्या 'सिड' या मुलाचे नाव आहे. जून २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या १२व्या आवृत्तीत ६४ हजारांहून अधिक पॅकेजेस होती. मर्डॉक यांचे डिसेंबर २०१५ मध्ये निधन झाले.

सामाजिक करार

जुलै १९९७ मध्ये प्रकल्पाने 'सामाजिक करार' स्वीकारला. प्रणाली पूर्णतः मुक्त राहील, केलेले काम मुक्त सॉफ्टवेअरच्या समाजाला परत दिले जाईल, दोष लपवले जाणार नाहीत आणि वापरकर्ते व मुक्त सॉफ्टवेअर यांनाच अग्रक्रम राहील, अशी वचने त्यात आहेत. निकषांत न बसणारे सॉफ्टवेअरही काही वापरकर्त्यांना लागते, हे पाचवे कलम मान्य करते. असे सॉफ्टवेअर अधिकृत प्रणालीबाहेरच्या स्वतंत्र विभागात ठेवले जाते. या विभागामुळेच फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन आपल्या शिफारस केलेल्या वितरणांच्या यादीत डेबियनचा समावेश करीत नाही.

कराराला जोडलेली 'डेबियन मुक्त सॉफ्टवेअर मार्गदर्शक तत्त्वे' कोणता परवाना मुक्त मानावा हे ठरवितात. १९९८ मध्ये तयार झालेली 'ओपन सोर्स'ची व्याख्या याच तत्त्वांवरून घेतलेली आहे.

घटना आणि मतदान

डिसेंबर १९९८ मध्ये प्रकल्पाची घटना अमलात आली. नेत्याची निवड दरवर्षी सदस्यांच्या मतदानाने होते. नेत्याचे अधिकार मर्यादित असून तो कोणालाही काम करण्याचा हुकूम देऊ शकत नाही. प्रकल्पासाठी काम करण्याचे बंधन कोणावरही नाही, असे घटनेतच नमूद आहे. प्रत्येक पॅकेजविषयीचा नित्याचा निर्णय ते पॅकेज सांभाळणारा सदस्य घेतो. तांत्रिक वाद 'तांत्रिक समिती'कडे जातात आणि मोठ्या धोरणात्मक प्रश्नांवर 'सर्वसाधारण ठराव' मांडून सर्व सदस्यांचे मत घेतले जाते.

मतदार एका पर्यायाला मत न देता सर्व पर्यायांना पसंतीक्रम देतो. मोजणीत प्रत्येक पर्यायाची दुसऱ्या प्रत्येक पर्यायाशी तुलना केली जाते. या पद्धतीचे मूळ १८व्या शतकातील फ्रेंच विचारवंत कोंडोर्से याच्या विचारांत आहे. 'वरीलपैकी एकही नाही' हाही एक पर्याय असतो. भारतातील लोकसभा निवडणुकीत 'नोटा'ला कितीही मते पडली तरी आघाडीचा उमेदवारच विजयी होतो. डेबियनमध्ये मात्र जो पर्याय या नकारापुढे टिकत नाही तो बाद ठरतो. बहुसंख्यांना तीव्रपणे नको असलेला पर्याय मतविभागणीमुळे निवडून येऊ नये, हा त्यामागील हेतू आहे.

महत्त्वाचे वाद

लेखकाचे मत आणि दस्तऐवजाचे स्वातंत्र्य : ग्नू प्रकल्पाच्या दस्तऐवज-परवान्यात काही भाग 'अपरिवर्तनीय' ठेवण्याची मुभा आहे. लेखकाचे विचार मांडणारे निबंध अशा भागांत ठेवता येतात. ईमॅक्सच्या मार्गदर्शिकेतील 'ग्नू जाहीरनामा' हे त्याचे परिचित उदाहरण होय. लेखकाचे मत त्याच्या नावाने कोणी बदलू नये, असा या तरतुदीच्या समर्थकांचा युक्तिवाद होता. जे बदलता येत नाही ते मुक्त कसे, असा विरोधकांचा प्रश्न होता. २००६ मध्ये सदस्यांनी ठराव केला की, अपरिवर्तनीय भाग नसलेले दस्तऐवजच मुक्त मानावेत. परिणामी ग्नूच्या काही मार्गदर्शिका डेबियनच्या मुख्य विभागाबाहेर गेल्या.

सिस्टमडी : संगणक सुरू होताच प्रथम चालणारा आणि इतर सेवा सुरू करणारा प्रोग्राम कोणता असावा, यावरून २०१३-१४ मध्ये तीव्र वाद झाला. सिस्टमडीमुळे सेवांचे व्यवस्थापन सुसूत्र होईल, असे समर्थक म्हणत. एकाच प्रोग्रामकडे अनेक कामे देणे युनिक्स परंपरेला धरून नाही, असा विरोधकांचा आक्षेप होता. तांत्रिक समितीत मते समसमान पडली आणि अध्यक्षांच्या निर्णायक मताने सिस्टमडीची निवड झाली. नोव्हेंबर २०१४ मधील मतदानात सदस्यांनी या विषयावर ठरावाची आवश्यकता नाही, असा कौल दिला. असंतुष्ट गटाने 'डेवुआन' ही स्वतंत्र प्रणाली सुरू केली. मुक्त परवान्यामुळे अल्पमतातील गटाला सारा आधीचा ठेवा बरोबर घेऊन वेगळे होता येते, हे या घटनेने दाखविले.

स्टॉलमन प्रकरण : मुक्त सॉफ्टवेअर चळवळीचे प्रवर्तक रिचर्ड स्टॉलमन २०१९ मध्ये फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनमधून बाहेर पडले आणि मार्च २०२१ मध्ये संचालक मंडळावर परतले. त्यांच्या बाजूने व विरोधात खुली पत्रे निघाली. डेबियनने संस्था म्हणून भूमिका घ्यावी काय, यावर मतदान झाले. प्रकल्पाने जाहीर निवेदन करू नये आणि ज्या सदस्यांना कोणत्याही पत्रावर सही करावयाची असेल त्यांनी ती वैयक्तिक नात्याने करावी, हा पर्याय विजयी ठरला. सदस्याचे मत आणि संस्थेचे मत यांतील सीमारेषा या ठरावाने स्पष्ट केली.

गुप्त मतदान : नेत्याच्या निवडणुकीत मत गुप्त असे, परंतु ठरावांवर कोणी कसे मत दिले हे प्रसिद्ध होत असे. संवेदनशील विषयांत यामुळे मतदारास त्रास होऊ शकतो, हे २०२१ च्या वादात प्रकर्षाने जाणवले. २०२२ मध्ये मतदाराची ओळख गुप्त ठेवून निकालाची पडताळणी मात्र शक्य राहील, अशी दुरुस्ती करण्यात आली.

फर्मवेअर : अनेक संगणकांतील वायफाय, ध्वनी इत्यादी भागांना चालण्यासाठी अमुक्त फर्मवेअर लागते. ते अधिकृत स्थापना-संचात नसल्याने नवख्या वापरकर्त्यांची अडचण होई. ऐकून प्रणाली स्थापित करणाऱ्या दृष्टिहीनांना तर कामाची सुरुवातच करता येत नसे. २०२२ मध्ये सदस्यांनी सामाजिक कराराच्या पाचव्या कलमात भर घालून असे फर्मवेअर संचात समाविष्ट करण्यास मान्यता दिली. तत्त्वनिष्ठा आणि वापरकर्त्याची सोय या दोन्ही वचनांतील ताण या निर्णयात दिसून येतो.

आचारसंहिता

प्रकल्पाचे बहुतेक काम ई-मेलद्वारे चालते. प्रत्यक्ष भेट नसल्याने गैरसमज लवकर होतात आणि चर्चा कटू होतात. २०१४ मध्ये स्वीकारलेली आचारसंहिता इतरांचा आदर राखण्यास, त्यांचा हेतू चांगला आहे असे गृहीत धरण्यास आणि मोजके लिहिण्यास सांगते. निर्णय होण्यास लागणारा दीर्घ काळ आणि लांबणाऱ्या चर्चा यांविषयी प्रकल्पावर आजही टीका होते.

भारत आणि मराठी

डेबियनची वार्षिक परिषद 'डेबकॉन्फ' सप्टेंबर २०२३ मध्ये केरळातील कोची येथे भरली. ती भारतात प्रथमच होत होती. डेबियनचा स्थापना-कार्यक्रम मराठीतही उपलब्ध आहे आणि 'लोहित' या टंकासह देवनागरीचे अनेक मुक्त टंक पॅकेज स्वरूपात मिळतात. त्यामुळे मराठीत काम करू इच्छिणाऱ्या शाळा व ग्रंथालयांना परवाना-शुल्क न भरता जुन्या संगणकांवरही ही प्रणाली वापरता येते.